बंद रसायन कारखान्याची दूषित जमीन : पुनर्विकासासाठी नगरपरिषदेने सवलत द्यावी का, आणि द्यायची तर कशी?

खाडीकाठ

मी एका नगरपरिषदेच्या नियोजन व विकास समितीचा सदस्य आहे. आमच्या हद्दीत, रेल्वे स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, कापडरंगांसाठी लागणारी मध्यवर्ती रसायने तयार करणाऱ्या एका कारखान्याची नऊ एकर जमीन गेली चौदा वर्षे पडून आहे. कंपनी दिवाळखोरीत निघाली, यंत्रे भंगारवाल्यांनी नेली, छपराचे पत्रे कोणी नेले ते विचारू नये, आणि मागे उरल्या त्या सांडपाण्याच्या तीन उघड्या टाक्या, एक कोसळलेले कोठार आणि पावसाळ्यात लालसर पिवळे पाणी पाझरणारी कुंपणाची भिंत. शेजारच्या आळीतल्या दोन विहिरींचे पाणी लोक आता धुण्याभांड्यालाही वापरत नाहीत.

ही जमीन अवसायकाने (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याने) ‘जशी आहे, जेथे आहे’ या अटीवर लिलावात काढली असून, ती घेऊ इच्छिणाऱ्या एका विकासकाने लिलावाच्या आधीच नगरपरिषदेकडे अर्ज केला आहे. त्याच्या मागण्या तीन आहेत : थकीत मालमत्ता कर शास्तीसह (दंडासह) माफ करावा, विकास शुल्कात सूट मिळावी, आणि औद्योगिक जमिनीचा निवासी वापर करताना वाढीव चटई क्षेत्र (म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम) मिळावे यासाठी शासनाकडे शिफारस व्हावी. याच्या बदल्यात तो ‘जमीन शुद्ध करून देईल’ असे अर्जात म्हटले आहे. हे शुद्धीकरण अर्जाच्या अर्ध्या पानात आटोपलेले असून त्याचा अर्थ इतकाच दिसतो की वरची दोन फूट माती काढायची आणि मुरूम भरायचा.

सभागृहात दोन तट पडले आहेत. एकांचे म्हणणे असे की चौदा वर्षे कोणी फिरकले नाही, आता कोणी येत आहे तर त्याला अडवू नये. दुसऱ्यांचे म्हणणे असे की ज्याने विष पेरले तो सुटला आणि त्याची किंमत करदात्याने का मोजावी. मला दोन्ही बाजू काही अंशी पटतात, आणि म्हणूनच मत द्यायला हात उठत नाही. अशा जमिनींसाठी स्थानिक संस्थांनी इतरत्र कोणत्या सवलती दिल्या आहेत, त्यांपैकी आपल्याकडच्या कायद्यात काय बसते, आणि फसगत होऊ नये म्हणून ठरावात काय लिहिले पाहिजे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

मिशिगनवासी

मी अमेरिकेतील मिशिगन राज्यात याच प्रकारच्या जमिनींच्या तपासणीचे काम करतो. इथली पद्धत सविस्तर सांगतो, कारण सवलत देणारी मुख्य संस्था इथे खरोखरच गावपातळीवरची असते.

आधी पार्श्वभूमी. १९८० च्या संघराज्याच्या कायद्याने, ज्याला सुपरफंड म्हणतात, दूषित जमिनीच्या विद्यमान मालकालाही सफाईसाठी जबाबदार धरले. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की शहरातली जुनी कारखान्याची जागा कोणी फुकटही घेईना. मोटारींचे सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने बंद पडलेल्या मिशिगनमध्ये तर शहरे आतून ओस पडू लागली आणि नवी बांधकामे शेतजमिनीवर जाऊ लागली. त्यावर राज्याने १९९५ मध्ये आपला कायदा बदलला. नव्या व्यवस्थेत खरेदीदाराने खरेदीपूर्वी किंवा ताबा घेतल्यापासून ४५ दिवसांत ‘बेसलाइन’ पर्यावरण मूल्यांकन करून घ्यायचे आणि मुदतीत राज्याच्या खात्याकडे सादर करायचे. जमिनीत त्या दिवशी कोणते द्रव्य, कुठे, किती आहे याची ती नोंद असते. ती केली की आधीच्या प्रदूषणाचे दायित्व खरेदीदारावर येत नाही. मात्र पुढे त्या जमिनीमुळे राहणाऱ्यांना अपाय होणार नाही आणि असलेले प्रदूषण वाढणार नाही, ही काळजी घेण्याचे बंधन कायम राहते. ही सर्वांत मोठी सवलत आहे आणि तिच्यासाठी सरकारला एक डॉलरही खर्चावा लागत नाही.

पैशाची सवलत पुढच्या वर्षी, १९९६ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्याने आली. त्यानुसार शहर, गाव किंवा काउंटी आपले ब्राउनफील्ड (म्हणजे अशा जुन्या दूषित जागांसाठीचे) प्राधिकरण स्थापन करू शकते. जमिनीचे आजचे करपात्र मूल्य गोठवले जाते. विकासक तपासणी, सफाई, पाडकाम यांचा खर्च आधी स्वतः करतो. इमारती उभ्या राहिल्यावर मालमत्ता करात जी वाढ होते, त्या वाढीतून त्याने केलेला मान्य खर्च वर्षावर्षाने परत दिला जातो. शाळांसाठीच्या कराचा भाग वापरायचा असेल तर राज्याची वेगळी मंजुरी लागते.

आपल्या आकड्यांत सांगायचे तर, समजा आज त्या नऊ एकरांचा वार्षिक कर ४ लाख रुपये आहे आणि संकुल पूर्ण झाल्यावर तो ८० लाख होईल. मधले ७६ लाख हे वाढीचे. मान्य झालेला सफाई खर्च ६ कोटी असेल तर साधारण आठ वर्षांत तो फिटतो आणि नंतर पूर्ण कर गावाचा. प्रकल्प रखडला तर वाढ होत नाही आणि परतावाही मिळत नाही, म्हणजे जोखीम विकासकाची राहते. जुने ४ लाख या सगळ्यात कधीच थांबत नाहीत. शिवाय विकासकाचे पैसे फिटल्यानंतर आणखी काही वर्षे ती वाढ प्राधिकरणाच्या फिरत्या निधीत घेता येते आणि पुढच्या जमिनीच्या तपासणीसाठी वापरता येते. मला या कायद्यातली ही तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते.

आता दुसरी बाजू. सवलत एकदा सुरू झाली की तिचा पदर पसरत जातो. मान्य जमिनींच्या व्याख्येत दूषित जागांबरोबर नुसत्या मोडकळीला आलेल्या किंवा निरुपयोगी ठरलेल्या इमारतीही आल्या. २०१७ मध्ये फार मोठ्या प्रकल्पांसाठी वेगळी तरतूद झाली, आणि तिचा लाभ डेट्रॉइटच्या ऐन मध्यभागी, १९९८ मध्ये पाडलेल्या हडसन्स या दुकानाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यालाही मिळाला. तिथे मुख्य अडचण मातीतल्या विषाची होती असे कोणी म्हणणार नाही. आपल्या ठरावात म्हणून एक वाक्य असू द्या : परतावा फक्त माती आणि भूजल यांच्या तपासणीचा व सफाईचा, बांधकामाचा नाही.

कंपनी बुडाली की सगळे संपले असेही नसते. जनरल मोटर्सच्या दिवाळखोरीतून २०११ मध्ये ‘रेसर’ नावाचा न्यास निघाला. त्याच्याकडे १४ राज्यांतल्या ८९ मालमत्ता आणि सफाईसाठी सुमारे ५० कोटी डॉलर देण्यात आले. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतच हे पैसे बाजूला काढले गेले म्हणून ते मिळाले. आपल्याकडे अवसायक अजून मालमत्ता वाटतो आहे, म्हणजे वेळ पूर्ण गेलेली नाही.

चाळकरी

एवढ्या खटाटोपाची गरज काय, हे मला कळत नाही. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या प्रकरणात स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. तिथेही एच-ॲसिड नावाचे रंगाचे मध्यवर्ती रसायनच होते, आणि तिथल्या विहिरींचे पाणीही असेच रंगले होते.

आमच्या गिरणगावात सवलतींचे काय झाले ते आम्ही पाहिले. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीची तीन वाट्यांत विभागणी होती : एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये ‘मोकळी जमीन’ या शब्दाचा अर्थ बदलला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला, आणि सार्वजनिक वाटे आक्रसून गेले. या सगळ्या हिशेबात एका गोष्टीची चर्चा मी कधी ऐकली नाही, ती म्हणजे रंगखात्याच्या आणि बॉयलरच्या खालच्या मातीत काय होते. सवलत म्हटली की मला हे आठवते.

निवृत्त नगररचनाकार

चाळकरी यांचा राग योग्य आहे, परंतु बिछडीचेच उदाहरण पुढे वाचले पाहिजे. १९९६ चा निकाल लागल्यावर पैसे वसूल होईपर्यंतची लढाई इतकी लांबली की २०११ मध्ये त्याच न्यायालयाला ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक मूळ रकमेवर चक्रवाढ व्याज लावावे लागले, आणि तिथे तर प्रदूषण करणारी कंपनी शोधावी लागत नव्हती. इथे कंपनीच अवसायनात आहे. तत्त्व हातात असणे आणि हातात पैसे पडणे यांत पंधरा वर्षांचे अंतर असू शकते.

खाडीकाठ यांनी विचारलेल्या मागण्यांपैकी पहिलीबद्दल. थकीत करावरची दरमहा दोन टक्के शास्ती ही मूळ थकबाकीपेक्षा मोठी झालेली असणार. ती माफ करण्याचा सरसकट अधिकार आपल्या सभागृहाला नाही, शासनाच्या अभय योजनेच्या (थकबाकीवरील शास्तीत सूट देणाऱ्या योजनेच्या) चौकटीत ते बसते की नाही हे पाहावे लागेल. मुख्य म्हणजे ही थकबाकी माफ करून तुम्ही विकासकाला काहीच देत नाही. ती बुडालेल्या कंपनीची असल्याने तिच्यासाठी अवसायकाकडे तुमचा दावा दाखल असायला हवा. तो नसेल तर उद्याच्या उद्या मुख्याधिकाऱ्यांकडे चौकशी करा.

विकास शुल्क हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२४-अ खालचे आहे, आणि वाढीव चटई क्षेत्रासाठी नियमावलीत फेरबदल करायचा तर कलम ३७ ची प्रक्रिया आणि शासनाची मंजुरी लागते. म्हणजे विकासक नगरपरिषदेकडे जे मागतो आहे त्यातले बरेचसे नगरपरिषदेच्या हातातच नाही. तुमच्या हातात आहे ती शिफारस, आणि तुमच्या हातात आहे ती माहिती. दुसरी पहिलीपेक्षा मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल या चर्चेत अजून कोणी बोललेले नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांत संशयित दूषित स्थळांची यादी करून ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवण्याची जबाबदारी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांच्यावर आहे. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषितीकरण दिसले तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, जबाबदार व्यक्ती निश्चित करायची, आणि जबाबदार कोणी सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर सफाईचा खर्च केंद्र व राज्य यांनी वाटून उचलायचा, असा त्यांचा क्रम आहे. आपल्या नगरपरिषदेने हे पत्र पाठवले आहे का? पाठवले नसेल तर लिलावाच्या तारखेआधी पाठवा.

याचे कारण साधे आहे. आज ती जमीन स्थानकाजवळची स्वच्छ जमीन असल्यासारखी लिलावात उभी आहे. बोली लावणारे विषाची कुजबुज ऐकून थोडे कमी बोलतील, पण सफाईला खरोखर किती खर्च येणार हे कोणालाच माहीत नसल्याने तो खर्च किमतीतून पूर्ण वजा होणार नाही. मग विजेता तुमच्या दारात येऊन सांगेल की मला परवडत नाही, सवलत द्या. ती सवलत वरवर विकासकाला मिळेल, प्रत्यक्षात ती कंपनीला कर्ज दिलेल्या बँकांच्या वसुलीत जमा झालेली असेल. उलट लिलावाआधी जमीन संशयित यादीत आली आणि तपासणीचे निष्कर्ष निविदा कागदांत जोडले गेले, तर जमिनीची किंमत आपोआप उतरेल आणि सफाईचा मोठा भाग मूळ कंपनीच्या मालमत्तेतूनच भरला जाईल, म्हणजे जिने प्रदूषण केले तिच्याच ताळेबंदातून. किमतीत न मावणारा जो खर्च उरेल, तेवढ्यापुरतीच सवलतीची चर्चा करावी. मिशिगनवासींनी सांगितलेली करवाढीतून परताव्याची पद्धत त्या उरलेल्या रकमेसाठी चांगली आहे. तिच्यासाठी वेगळी कायदेशीर तरतूद लागेल, तरी शासनाकडे प्रस्ताव पाठवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र सेवेत असताना पाहिलेली सांगतो, गावाचे नाव सांगत नाही. औद्योगिक जागेचा निवासी वापर करताना, ज्याला बांधकाम व्यवसायात ‘आय टू आर’ म्हणतात, विकासकाला सुविधा भूखंड, म्हणजे बागेसारख्या सार्वजनिक सोयीसाठी जागा, सोडावा लागतो. नकाशावर तो भूखंड बरोबर तिथेच आला जिथे पूर्वी सांडपाण्याच्या टाक्या होत्या. चौरस मीटरचा हिशेब बिनचूक होता, आणि बागेसाठी म्हणून तो भूखंड समारंभाने स्वीकारला गेला. तीन पावसाळ्यांत तिथे एकही झाड जगले नाही. दूषित जमिनीची मालकी अशा रीतीने फुकट मिळते.

हडसनतीर

सुविधा भूखंडाच्या मुद्द्यावरून राहवले नाही म्हणून लिहितो. अमेरिकेत ज्या प्रकरणामुळे सुपरफंड कायदा आला ते लव्ह कॅनाल असेच सुरू झाले होते. न्यूयॉर्क राज्यातील नायगरा फॉल्स येथे हूकर केमिकल कंपनीने जुन्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात कचऱ्याची सूचना होती आणि पुढचे दायित्व कंपनीवर राहणार नाही असेही लिहिलेले होते. मंडळाने तिथे शाळा बांधली, भोवती घरे झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. सार्वजनिक संस्थेला स्वस्त मिळालेल्या जमिनीची गोष्ट म्हणून मी हे सांगतो.

मी राहतो त्या जर्सी सिटीत मात्र क्रम उलटा लागला, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. इथे १८९५ ते १९५४ या काळात एका क्रोमेट कारखान्याने खनिजावर प्रक्रिया केल्यानंतरचा गाळ हॅकेनसॅक नदीकाठच्या ३४ एकर दलदलीत भराव म्हणून टाकला. सुमारे १५ लाख टन गाळ, पंधरा-वीस फूट जाड थर, आणि त्यात कर्करोगाला कारण ठरणारे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. कारखान्याची मालकी हस्तांतरित होत होत हनीवेल या कंपनीकडे आली. सरकारी यंत्रणा आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे केवळ पत्रव्यवहार चालला. शेवटी स्थानिक धर्मसंस्थांच्या एका संघटनेने व रहिवाशांनी १९९५ मध्ये दावा लावला. २००३ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने वर झाकण घालण्याचा पर्याय नाकारून सगळा गाळ खणून बाहेर नेण्याचा आदेश दिला, आणि २००५ मध्ये अपिलातही तो टिकला.

शहराने आपला पैसा त्यानंतर घातला. सफाईचे काम कंपनीच्या खर्चाने झाल्यावर, २०१८ मध्ये, शहराने कर्जरोखे काढून ती जागा आणि लगतचा परिसर यांतली सुमारे ७० एकर जमीन १० कोटी डॉलरला घेण्याचे ठरवले. आता ‘बेफ्रंट’ या नावाने तिथे तुकड्यातुकड्याने भूखंड दिले जात आहेत, आणि पहिल्या टप्प्यातील ३५ टक्के घरे परवडणाऱ्या दरांची ठेवण्याची अट आहे. शहर स्वतः जमीनमालक असल्यामुळेच त्याला ही अट घालता आली. हे प्रत्येक गावाला जमेल असे नाही, कारण इथे मागे एक श्रीमंत कंपनी शिल्लक होती. तरीही सफाईच्या आधी सार्वजनिक पैसा घातला गेला नाही, एवढे लक्षात घ्यावे.

भूजलवाली

कायद्याचे आणि पैशाचे वर आले आहे, म्हणून मी फक्त जमिनीखालचे बोलते. विकासकाच्या अर्ध्या पानातील ‘दोन फूट माती आणि मुरूम’ हे वाचून मी थोडी हसले आणि मग काळजी वाटली.

मध्यवर्ती रसायने करणाऱ्या कारखान्यात प्रदूषण सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ते सांडपाण्याच्या टाक्यांखाली, फुटलेल्या भूमिगत नाल्यांच्या सांध्यांपाशी, पिंपे ठेवण्याच्या अंगणात, भूमिगत टाक्यांभोवती आणि ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याजवळ साठलेले असते. म्हणून सर्वप्रथम शोधायची वस्तू म्हणजे कारखान्याचा जुना नकाशा, आणि तो कारखाना निरीक्षकांच्या किंवा प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राच्या धारिकेत मिळण्याची शक्यता चांगली असते. त्याहून चांगला नकाशा निवृत्त कामगारांच्या डोक्यात असतो. कोणत्या कोपऱ्यात रात्री काय ओतले जात असे, हे ते बोट दाखवून सांगतात. नऊ एकरांवर सरसकट चौकटी आखून दहा ठिकाणची माती उचलली, तर टाक्यांच्या बरोबर मधून जाऊनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो.

दुसरे, आपला खडक. बेसाल्टमध्ये पाणी मातीतल्यासारखे सावकाश आणि सर्व बाजूंनी पसरत नाही. वरच्या मुरुमातून ते झटकन खाली जाते, मग भेगांतून आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सांध्यातून आडवे धावते. त्यामुळे शेजारची विहीर स्वच्छ आणि तीनशे मीटरवरची रंगलेली, असे होऊ शकते. खाडीकाठी सागरी चिकणमाती असेल तर वागणूक आणखी वेगळी. जो मुरूम विकासक भरणार आहे त्यातूनच पावसाचे पाणी सर्वांत वेगाने खाली उतरते, म्हणजे खालचे दूषित थर जागेवर ठेवून वर मुरूम घातल्यास दरवर्षी विष खाली धुण्याची सोयच होईल. नमुने मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा घ्या. एकाच वेळच्या पाण्यावर सही करू नका.

तिसरे, काढलेली माती कुठे जाणार? ती घातक कचरा ठरली तर तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील प्रक्रिया केंद्राकडे मॅनिफेस्टसह (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) जायला हवी, आणि हा खर्च वाहतुकीसह इतका येतो की ती माती रात्रीतून दुसऱ्या कोणाच्या प्लॉटवर भराव म्हणून जाण्याचा मोह मोठा असतो. परतावा द्यायचाच झाला तर केंद्राच्या काट्यावरच्या वजनपावत्या आणि मॅनिफेस्टच्या प्रती यांच्याशी तो बांधा. ठेकेदाराच्या बिलावर पैसे दिले, तर गावाने विष शेजारच्या गावाला विकत पोहोचवले असे होईल.

आणखी एक सावधगिरी. जमिनीतील बाष्पशील रसायने तळमजल्याच्या फरशीतून घरात येतात आणि त्यांचा वास येईलच असे नाही. मालाडच्या चिंचोली भागात जुन्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत संगणक आणि वातानुकूलन यंत्रे वारंवार बिघडू लागली, तेव्हा जमिनीतून येणाऱ्या वायूंकडे लक्ष गेले. तिथे यंत्रे आधी आजारी पडली म्हणून चर्चा तरी झाली. जाता जाता, नुसत्या घनकचऱ्याच्या कचराभूमी २०२५ च्या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत, पण आपली जागा कारखान्याची असल्याने ती अडचण येणार नाही.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुख्याधिकाऱ्यांना भेटून आलो. संशयित स्थळाचे पत्र गेलेले नाही. अवसायकाकडे कराचा दावा दाखल आहे, परंतु फक्त मूळ रकमेचा. पत्राचा मसुदा आजच करायला घेतला आहे आणि त्याची प्रत अवसायकाला व बँकांच्या समितीला पाठवणार आहोत, म्हणजे निविदा कागदांत ते जोडले गेले नाही तर नंतर कोणाला ‘माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही. विकासकाचा अर्ज तपासणीचे निष्कर्ष येईपर्यंत स्थगित ठेवण्याचा ठराव मी मांडणार आहे.

नकाशाही पाहिला. निवृत्त नगररचनाकारांनी सांगितले तसेच आहे. सुविधा भूखंड टाक्यांवरच दाखवला आहे, आणि त्यावर ‘बालोद्यान’ असे लिहिले आहे.

एक शंका उरते. सभागृहात हमखास विचारले जाईल की सफाई पूर्ण झाली हे कोण ठरवणार, कारण तपासणी करणारी प्रयोगशाळा विकासकच नेमणार.

निवृत्त नगररचनाकार

प्रयोगशाळेची निवड नगरपरिषदेने करावी, नेमणूक मंडळाशी विचारविनिमय करून व्हावी आणि शुल्क विकासकाने नगरपरिषदेकडे आगाऊ जमा करावे. विकासक आणि प्रयोगशाळा यांच्यात थेट पैशाचा व्यवहार नको. बांधकाम परवानगीत जोत्याच्या दाखल्याआधी (बांधकाम जोत्यापर्यंत आल्यावर मिळणाऱ्या दाखल्याआधी) सफाईनंतरचे अहवाल दाखल करण्याची अट घाला. भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत थांबू नका, कारण तोवर लोकांनी घरांचे पैसे भरलेले असतात आणि त्यांच्या दबावापुढे कोणताही मुख्याधिकारी टिकत नाही.

सुविधा भूखंडासाठी वेगळा परिच्छेद करा. त्यात नुसते क्षेत्रफळ लिहू नका, तर त्या भूखंडावरच घेतलेल्या मातीच्या आणि पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल समाधानकारक असल्याशिवाय ताबा स्वीकारला जाणार नाही असे लिहा, आणि अहवाल बिघडला तर भूखंड संकुलाच्या दर्शनी भागात बदलून घेण्याचा हक्क नगरपरिषदेकडे राखून ठेवा.

भूजलवाली

आणि त्या दोन विहिरी बुजवू देऊ नका. बांधकाम सुरू झाले की पहिल्या आठवड्यात कोणीतरी ‘धोकादायक’ म्हणून त्या बुजवायला निघेल. त्यांना झाकणे घालून कुलूप लावा आणि किल्ली पाणीपुरवठा विभागाकडे ठेवा. सफाईचा परिणाम खाली पोहोचला की नाही हे पाहायला आळीतली तीच सोय आहे. मेमधला पहिला नमुना घ्यायला मी स्वतः येऊ शकते, तारीख ठरली की इथेच कळवावे.